मंदाकाकूंचं बुडालेलं स्वयंपाकघर

मंदाकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात होते. ही २००३ सालची गोष्ट. न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या एका किराणा दुकानातल्या फळ्यावर ‘तळघरातली खोली भाड्याने देणे आहे, मराठी मुलगा असल्यास बरे’ अशी चिठ्ठी वाचून मी त्यांच्या घरी गेलो होतो. दार दिनकरकाकांनी उघडलं. आत डायनिंग टेबलावर एक मोठं पातेलं, त्यात बर्फाचे खडे तरंगताहेत, आणि समोर पन्नाशी ओलांडलेली एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई डोळे मिटून पाण्याखाली काहीतरी चाचपडत बसलेली.

“ये, बस. हात मोकळे नाहीत माझे,” त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. मग पातेल्यातून खट असा आवाज आला. “उघडला!” म्हणत त्यांनी एक पितळी हूक वर काढला. कुत्र्याच्या साखळीला असतो ना, तसला. बोटं लालभडक झाली होती. मी काकांकडे पाहिलं, तर त्यांनी शांतपणे विचारलं, “चहा घेणार ना?” घरोघरी बायका संध्याकाळच्या हेच करत असाव्यात असा त्यांचा चेहरा.

“नको, आत्ताच झाला,” मी म्हणालो.

“खरंच नको?” काकू.

“खरंच नको.”

“बघ हं. आल्याचा आहे.”

“मग... अर्धा कप चालेल.”

“अहो, पूर्ण कप टाका त्याला,” काकू आतल्या दिशेला ओरडल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आपल्या माणसाचं उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावर सुरू होतं. त्याच्या आधीची दोन नुसती रीत असते.”

खोली मला मिळाली. बर्फाचं कोडं मात्र दोन दिवसांनी सुटलं. मंदाकाकू समुद्राच्या तळाशी बुडालेल्या बोटी बघायला जात असत. पाठीवर हवेची टाकी, अंगात पाणी आत न शिरू देणारा जाड सूट, आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून तासभर आत गेल्यावर लागणारं काळं, थंडगार पाणी. भर उन्हाळ्यातसुद्धा तळाशी फ्रिजमध्ये शिरल्यासारखं वाटतं, बोटं बधिर होतात. पण टॉर्च, दोरी, टाकी, सगळं या हुकांनीच अडकवलेलं असतं, आणि ते न बघता काढता-घालता आलं पाहिजे. म्हणून हा सराव. भाजी चिरून झाली, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्यात, तेवढ्यात काकू पातेलं काढून बसत.

काकू मूळच्या सोलापूरच्या. लग्न होऊन अमेरिकेत आल्या तोवर त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. एका शाळेच्या कॅफेटेरियाच्या त्या मॅनेजर होत्या, रोज शेकडो मुलांचं जेवण त्यांच्या हाताखालून जाई. दर उन्हाळ्यात मित्रमंडळींबरोबर किनाऱ्यावर सहलीला जायचं, वाळूत सतरंजी टाकून भेळ खायची आणि परत यायचं, असं वीसेक वर्षं चाललं. मग एकदा धक्क्यावर रबरी सूट घातलेली माणसं बोटीतून उतरताना दिसली. काकूंनी जाऊन विचारलं, खाली काय आहे? ते म्हणाले, बोटी. जुन्या, बुडालेल्या, पुष्कळ.

“इतकी वर्षं मी वर बसून भेळ खाल्ली,” ही गोष्ट सांगताना काकूंना दर वेळी नव्याने राग यायचा, “आणि खाली बोटी आहेत हे मला एका माणसानं सांगितलं नाही!”

त्यांचा मुलगा रोहन तेव्हा कॉलेजात होता. तो म्हणाला, “मॉम, यू आर ऑलमोस्ट फिफ्टी!” काकू म्हणाल्या, “बघूया तरी.” हे त्यांचं पालुपद. नवीन भाजी दिसली, बघूया तरी. शेजारच्याने घराचं छप्पर उघडलं, बघूया तरी, आणि लगेच त्याच्या शिडीखाली उभ्या. आधी पोहणं शिकल्या, मग डायव्हिंग. दिनकरकाकांना बोट नुसती हललेली दिसली तरी मळमळतं. पण त्यांनी कधी ‘जाऊ नकोस’ म्हटलं नाही. दर खेपेला ते धक्क्यावर घडीची खुर्ची टाकून, थर्मास मांडीवर घेऊन, बोट परत येईपर्यंत बसून राहायचे. कंटाळा येत नाही का असं मी विचारलं, तर म्हणाले, “छे! मजा येते.” मला ते खरं वाटलं होतं.

त्यांच्या डायव्हिंग क्लबातल्या बाकीच्यांना बोटीवरचं पितळ हवं असायचं, नाहीतर लॉबस्टर. काकू शाकाहारी, पण भोकात हात घालून लॉबस्टर धरण्यात सगळ्यांच्या वरताण. धरायचा, उलटा करून पोट बघायचं, मिशा मोजायच्या आणि कोणालातरी देऊन टाकायचा. “मला खायचा नाही, पण राहतो कसा ते कळायला नको?” म्हणायच्या. क्लबचा कॅप्टन रे हा धिप्पाड, कमी बोलणारा माणूस. काकूंच्या थालीपिठासाठी तो बोट पाच मिनिटं उशिरा सोडायचा, आणि हा मान बोटीवर दुसऱ्या कोणालाच नव्हता.

काकूंना हवं होतं ते निराळंच. क्लब दर सप्टेंबरात एका शनिवार-रविवारी एका जुन्या मालवाहू बोटीवर जायचा. वादळात बुडालेली, कोळसा नेणारी बोट. तिच्या मागच्या टोकाला स्वयंपाकघर होतं. तिकडे कोणी फिरकत नसे, कारण तिथे नेण्यासारखं काही नव्हतं. काकूंनी ते लांबून एकदा पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ती खोली त्यांच्या डोक्यात बसली होती. हलत्या बोटीवर भांडी घसरत कशी नसतील? चारी बाजूंनी खारं पाणी आणि मीठ कोरडं कसं ठेवत असतील? पण सगळ्यात मोठा प्रश्न एकच होता.

“स्वयंपाक करणाऱ्याचं तोंड कुठं होतं रे?” त्या मला विचारायच्या. “खिडकीकडं की भिंतीकडं? सोलापूरला आमची चूल भिंतीला होती. शाळेतली शेगडी भिंतीला आहे. हे घर घेतलं, तर इथंही भिंतीलाच. माझी सगळी हयात भिंतीकडं बघत फोडण्या देण्यात गेली. निदान त्या माणसाला तरी समुद्र दिसत होता का, एवढं मला बघायचंय.”

पण तिकडे जोडीदाराशिवाय जाता येत नसे, आणि काकूंची नेहमीची जोडीदारीण फ्लोरिडाला राहायला गेली होती. मी सांगलीचा, कृष्णेत पोहून मोठा झालेला, हे काकूंना कळलं आणि माझे शनिवार संपले. ऑफिसात मित्र विचारायचे, “यार, वीकेंडला काय करतोस?” मी म्हणायचो, “काकूंबरोबर डाइव्ह करतो.” त्यांना वाटायचं मी ‘ड्राइव्ह’ म्हणालो. दोन-तीन वर्षांत मी सगळे कोर्स केले, पातेल्यात हात घालून शिव्या घातल्या, आणि २००६च्या सप्टेंबरात काकूंचा जोडीदार म्हणून त्या बोटीवर गेलो.

शनिवारी खाली उतरून आम्ही स्वयंपाकघराचं दार शोधून ठेवलं. छप्पर अर्धं गळून पडलं होतं, त्यामुळे आत जाणं तसं अवघड नव्हतं, फक्त परतीची वाट सापडावी म्हणून दोरी बांधायला हवी होती. संध्याकाळी मोटेलच्या खोलीत काकूंनी पोळीचा डबा उघडला, पण त्यांचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. “उद्या,” त्या काकांना म्हणाल्या, “उद्या बघणार बघा मी.” परीक्षेच्या आदल्या दिवशी मुली बोलतात तशा त्या बोलत होत्या.

रविवारी नांगराच्या दोरीला धरून आम्ही उतरत असतानाच माझ्या उजव्या हातमोज्यात पाणी शिरलं. आधी मनगट गार पडलं, मग पाणी बाहीतून कोपरापर्यंत आलं. मनात म्हटलं, आता काय सांगायचं? काकू किती वर्षं वाट बघताहेत, आणि मी एका हातमोज्यासाठी त्यांना वर नेऊ? आपल्याकडे भीड ही काही किनाऱ्यावर काढून ठेवायची वस्तू नाही, ती सुटाच्या आतसुद्धा अंगात असते.

दारापाशी पोचलो. टॉर्चच्या उजेडात आत पांढऱ्या फरशीचा तुकडा आणि काहीतरी मोठं, काळं, चौकोनी दिसत होतं. काकू वळल्या. अंगठा आणि तर्जनी जुळवून त्यांनी गोल केला. ठीक आहेस ना, असं पाण्याखाली विचारायची ही खूण. मीही गोल करून दाखवला. काकू तशाच थांबल्या. पुन्हा गोल. मी पुन्हा गोल, यावेळी डाव्या हाताने, कारण उजव्याची बोटं जुळत नव्हती. तिसऱ्यांदा त्यांनी खूण केलीच नाही. जवळ आल्या, माझा उजवा हात धरला आणि त्यात त्यांच्या टॉर्चचा हूक ठेवला. उघड.

मला उघडता येईना. बोटं माझी नव्हतीच. मी हूक नुसता धरून राहिलो, आणि काचेपलीकडचे त्यांचे डोळे मला अगदी जवळून दिसले. मी हात आडवा धरून हलवला. ठीक नाही. काकूंनी लगेच अंगठा वर केला, म्हणजे परत जायचं, माझा दंड धरला आणि वळल्या. इतक्या वर्षांचं ते स्वयंपाकघर दोन हातांवर होतं, पण त्यांनी मान वळवून आत पाहिलंसुद्धा नाही.

वर आल्यावर रेने आमच्याकडे पाहिलं. क्लबात एक नियम होता. कोणीही, केव्हाही, कुठल्याही कारणाने परत फिरू शकतं आणि त्याला ‘का’ असं विचारायचं नाही. “वी कॉल्ड इट,” काकू म्हणाल्या. वी, आम्ही. परत फिरायचं जणू आम्ही दोघांनी ठरवलं होतं. रे फक्त मान हलवून कामाला लागला. जगातल्या प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारणाऱ्या काकूंनी मलाही काही विचारलं नाही. माझा हात दोन्ही हातांत धरून चोळत बसल्या.

“काकू, सॉरी,” मी म्हणालो. “तुमचं राहिलं.”

“किचन काय पळून जातंय? ते आता कुठं जाणार आहे!”

“पण मी ओके दाखवलं होतं ना. तुम्हाला कळलं कसं?”

“रे कुणाला एकदाच विचारतो, कारण त्यांच्यातलं माणूस पहिल्यांदाच खरं सांगतं. तू चहाला खरं सांगत नाहीस, तिथं खाली सांगशील होय? आपल्या माणसाचं पहिलं ओके मी धरतच नाही.”

धक्क्यावर दिनकरकाका उठून उभे होते. त्यांनी थर्मासचं झाकण उघडून पहिला चहा मला दिला. काकूंनी त्यांना सांगितलं, “पुढच्या वर्षी.”

पुढचं वर्ष काकूंसाठी तसं आलंच नाही. त्या हिवाळ्यात त्यांना खोकला लागला, तो जाईना. डॉक्टरांनी फुप्फुसांचे फोटो काढले आणि फुप्फुसं हळूहळू घट्ट होत चालली आहेत, असं काहीसं निदान केलं. डायव्हिंग बंद. उन्हाळ्यापर्यंत घरात ऑक्सिजनचं सिलिंडर आलं. कंपनीचा माणूस ते लावून द्यायला आला, तर काकूंनी त्याला बाजूला करून स्वतः काटा बघितला, नळी तपासली, आणि मला हसून म्हणाल्या, “बघ, आता घरबसल्या टाकी. सूट घालायला नको, ओलं व्हायला नको!” मीही हसलो आणि खाली माझ्या खोलीत गेलो. मला फार वाईट वाटत होतं.

२००७च्या सप्टेंबरात मी त्यांच्याऐवजी गेलो. निघताना काकू सोफ्यावरून सूचना देत होत्या. शेगडीच्या कडेला पट्टी आहे का बघ. मीठ बघ. आणि मुख्य ते बघ. शनिवारी रेला जोडीदार घेऊन मी आत शिरलो. भीती होती, थंडी होती, आणि सगळं इतकं नवीन होतं की काय पाहू आणि काय नको असं झालं. बोट परत आल्या आल्या धक्क्यावरून फोन लावला.

“काकू, लोखंडाची मोठी शेगडी आहे, एका अंगावर कललेली. आणि तुम्ही म्हणत होता तशी कडेने पट्टी आहे! भांडी घसरू नयेत म्हणून.”

“म्हटलं नव्हतं मी?” आवाज बारीक झाला होता, पण खुशी कळत होती. “अजून?”

“एक मोठं पातेलं आहे. त्यात एक मासा राहतो. मी टॉर्च मारला तर रागावून बाहेर आला.”

“राहू दे बिचाऱ्याला. आणि तोंड कुठं आहे?”

“माशाचं?”

“अरे, स्वयंपाक करणाऱ्याचं!”

ते बघायचंच राहिलं होतं. सबंध न्यू जर्सीत माझ्याइतका मूर्ख माणूस त्या क्षणी नसेल. काकू पलीकडून फक्त म्हणाल्या, “बरं. उद्या बघ. सावकाश बघ.”

रविवारी रेने विचारलं, “व्हॉट आर वी लुकिंग फॉर?” मी म्हणालो, “अ विंडो.” त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, “फॉर मंडा?” मी हो म्हटलं. मग तोही माझ्याइतक्याच मन लावून शोधायला लागला. शेगडीमागची भिंत मऊ, पांढऱ्या, फुलांसारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवांनी भरून गेली होती. आम्ही हाताने पाणी हलवून गाळ बाजूला केला. शेगडीच्या दारासमोर, जिथे माणूस उभा राहील, तिथे मी गुडघे टेकले आणि वर पाहिलं. उभ्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी पितळी चौकटीची गोल खिडकी होती. काच नव्हती. पलीकडे हिरवं पाणी, आणि त्यातून छोट्या माशांचा थवा जात होता. रेने खिडकीच्या चौकटीला हात लावला. ती क्लबातल्या कोणीही आनंदाने काढून नेली असती, पण त्याने हात मागे घेतला.

“खिडकीकडं,” मी फोनवर म्हणालो. “काकू, खिडकीकडं तोंड आहे. समोर समुद्र.”

पलीकडून नळीतून येणाऱ्या हवेचा आवाज येत होता. मग काकू म्हणाल्या, “चला. बरं झालं बाई त्याचं.” त्यानंतर त्यांनी ती खिडकी किती उंचीवर, केवढी, उभ्याने दिसेल का वाकून, असं सगळं मला दोनदा सांगायला लावलं.

२००८च्या वसंतात काकू बिछान्याला खिळल्या. मी तोवर नोकरीसाठी जर्सी सिटीला राहायला गेलो होतो, पण शनिवारी त्यांच्याकडे जायचोच. मराठी मंडळाची माणसं डबे घेऊन येत, दारातून विचारत, “काय काकू, बऱ्या आहात ना?” काकू म्हणत, “मस्त!” आणि ती माणसं बरं वाटून घरी जात. एका दुपारी सगळे गेल्यावर मी पलंगाजवळ बसलो आणि अंगठा-तर्जनी जुळवून गोल केला. त्या हसल्या, त्यांनीही गोल करून दाखवला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा गोल. मग मी त्यांचा हात हातात घेतला. पातेल्यातून नुकताच काढल्यासारखा गार होता.

काकूंनी दाराकडे पाहिलं. आत काका कपात साखर ढवळत होते, त्याचा आवाज येत होता.

“नाही रे नंदू,” त्या हळूच म्हणाल्या. “रात्री श्वास पुरत नाही तेव्हा भीती वाटते. फार वाटते.”

सगळं नीट होईल, असं मी म्हणालो नाही. त्यांनी ते धरलंच नसतं. “कधीपासून?” एवढंच विचारलं. मग त्या थांबत थांबत बोलत राहिल्या, सोलापूरबद्दल, रोहनबद्दल, खाली गेल्यावर कानात जी शांतता होते तिच्याबद्दल. शेवटी म्हणाल्या, “बरं वाटलं. सगळे विचारतात रे, पण एकदाच विचारतात.” मग माझा हात दाबून, “एक काम कर. मी नसले की यांना तीनदा विचारत जा. पहिल्या दोन वेळा साफ खोटं बोलतात. धक्क्यावर बसून इतकी वर्षं ‘मजा येते’ म्हणाले. घरी आल्यावर यांचा शर्ट पिळून वाळत घालावा लागायचा, इतका घाम.”

मे महिन्यात काकू गेल्या. रोहन कॅलिफोर्नियाहून आला, सगळं करून परत गेला. त्यानंतरच्या शनिवारी मी गेलो तेव्हा दिनकरकाका डायनिंग टेबलाशी बसले होते. समोर तो पितळी हूक.

“काका, जेवलात?”

“हो तर. केव्हाच.”

मी पाणी प्यायलो, पेला धुऊन ठेवला. “खरंच जेवलात ना?”

“अरे जेवलो म्हटलं ना. फ्रिज भरलाय डब्यांनी.”

मी काकूंच्या खुर्चीत, त्यांच्या समोर बसलो. “काका, जेवलात का?”

ते हुकाचं तोंड अंगठ्याने उघडत, मिटत राहिले. खट, खट.

“नाही,” ते म्हणाले. “कालपासून नाही. एकट्याला घास उतरत नाही रे.”

मी उठलो, तांदूळ धुतले आणि भिंतीकडे तोंड करून दोघांपुरता कुकर लावला.